लेसरनंतर दिसायला लागतं लवकर, डोळा बरा होतो उशिरा

दोन महिन्यांपूर्वी भाचीचा फोन आला. "मावशी, शुक्रवारी डोळ्यांचं लेसर करून घेतेय. शनिवार-रविवार आराम, सोमवारी ऑफिस. मॅनेजरला तसं सांगूनही टाकलंय." तिचा नंबर मायनस साडेचार, दोन्ही डोळ्यांना. सहावीपासून चष्मा. नोकरी हिंजवडीत, रोज दहा तास स्क्रीनसमोर, जाणं-येणं स्कूटीवर.

मी विचारलं, "कुठलं लेसर?"

"कुठलं म्हणजे? चष्मा घालवायचं."

तिची रजा नेमकी याच प्रश्नावर ठरणार होती आणि तोच तिने विचारलेला नव्हता. मी स्वतः सहा वर्षांपूर्वी हे करून घेतलंय. मला कामावर परतायला दहा दिवस लागले. माझ्या शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मात्र तिसऱ्या दिवशी हजर होती आणि मजेत काम करत होती. आम्ही दोघी लोकांना सांगताना "लेसर केलं" एवढंच म्हणायचो. ऐकणाऱ्याला वाटायचं, एकीला सहन झालं, दुसरीला झालं नाही. खरं म्हणजे आमच्या दोघींच्या डोळ्यांना झालेल्या जखमाच वेगळ्या होत्या.

मी डॉक्टर नाही. तुमच्या डोळ्यांबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे आधी माहीत असलं तर बरंच सोपं जातं.

लेसर नेमकं करतं काय?

डोळ्याच्या अगदी पुढे, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक थर असतो. तो म्हणजे कॉर्निया. मराठीत त्याला पारपटल म्हणतात, पण दवाखान्यात सगळे कॉर्नियाच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरते. जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. प्रकाश वळवून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमका पाडण्याचं जे काम आहे, त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश काम ही अर्ध्या मिलिमीटरची काच करते.

मायनस नंबर असतो तेव्हा प्रकाश पडद्यापर्यंत पोचण्याआधीच एकत्र येतो आणि लांबचं धूसर दिसतं. चष्म्याची काच त्याला थोडं मागे ढकलते. लेसर हेच काम कॉर्नियाचा आकार बदलून करतं. मायनस नंबर असेल तर मधला भाग किंचित सपाट करायचा. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाचीच्या साडेचार नंबराला धरा ६० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या एका केसाच्या जाडीच्या आसपास.

"लेसर म्हणजे डोळा भाजणार की काय?" ही भीती आमच्या आईलाही होती. हे काम करणाऱ्या लेसरला एक्सायमर म्हणतात. त्याचे किरण अतिनील, डोळ्यांना न दिसणारे असतात. ते पेशी भाजत नाहीत, पृष्ठभागावरच्या रेणूंमधले बंध तोडतात. तेवढाच थर वाफेसारखा उडून जातो आणि शेजारचा भाग तापत नाही. हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांच्यातले एक आपल्याकडचे, चेन्नईचे. रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सणाच्या जेवणातून उरलेलं टर्की या पक्ष्याचं हाड ते प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर हे लेसर चालवून पाहिलं. काप इतका स्वच्छ आला की कडेला भाजल्याची खूण नव्हती. पुढे १९८३ साली स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञांबरोबर त्यांनी हे तंत्र कॉर्नियासाठी वापरता येईल हे दाखवलं. १९९५ साली अमेरिकेत त्याला सरकारी मंजुरी मिळाली. शिळ्या टर्कीच्या हाडापासून आपल्या चष्म्यापर्यंतचा हा प्रवास मला फार आवडतो.

मग वेळ कशाला लागतो? लेसर तर मिनिटभराचं

लेसर खरोखरच मिनिटभराचं असतं, बरेचदा त्याहूनही कमी. सगळा प्रश्न आहे तो त्या थरापर्यंत पोचायचं कसं, हा. कॉर्नियाच्या सगळ्यात वर, दुधावर साय असावी तसा, सुमारे ५० मायक्रॉनचा पेशींचा पापुद्रा असतो. हा पापुद्रा सतत झिजतो आणि नव्याने वाढतो. त्यामुळे लेसर त्याच्यावर करून उपयोग नाही. काही दिवसांतच सगळं पुसलं जाईल. जे कोरायचं ते त्याच्या खालच्या, न बदलणाऱ्या थरात. तिथपर्यंत जायच्या आज तीन वाटा आहेत.

पहिली लॅसिक. भाकरीचा पापुद्रा एका कडेला चिकटलेला ठेवून उचलतात ना, तसा कॉर्नियाचा १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा कापून बाजूला करायचा, खाली लेसर करायचं आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसवायचा. याला फ्लॅप म्हणतात. वरची साय जवळजवळ शाबूत राहते, फक्त कडेला गोल रेघ उमटते. म्हणून दुखणं काही तासांचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकांना स्वच्छ दिसतं. कामावर परतायला साधारण दोन-तीन दिवस.

दुसरी पीआरके. हिचाच थोडा सुधारलेला प्रकार ट्रान्स-पीआरके या नावाने मिळतो. इथे फ्लॅप नाही. वरची साय सरळ काढून टाकायची, खाली लेसर करायचं आणि साय पुन्हा येण्याची वाट पाहायची. पडल्यावर गुडघा खरचटतो, तशी ही जखम असते, फक्त ती शरीरातल्या सगळ्यात संवेदनशील जागी. कामावर परतायला एक आठवडा ते दहा दिवस, आणि नजर पूर्ण बसायला एक ते तीन महिने.

तिसरी स्माइल. एक वेगळ्या जातीचं लेसर कॉर्नियाच्या आतल्या आत भिंगाच्या आकाराची पातळ चकती कापतं. मग डॉक्टर दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ती बाहेर ओढतात. उशीच्या अभ्र्याची एक कड उसवून आतली घडी काढून घ्यावी, तसं. वरचा पृष्ठभाग फारसा उघडत नाही. पहिले एक-दोन दिवस लॅसिकपेक्षा किंचित धूसर, पण दोन-चार दिवसांत बरेच जण कामाला लागतात.

आता तुम्ही म्हणाल, मग पीआरके कोण करून घेईल? ज्यांचा कॉर्निया पातळ आहे किंवा ज्यांच्या कामात डोळ्याला मार बसण्याची शक्यता आहे, त्यांना अनेकदा डॉक्टर हाच मार्ग सुचवतात. फ्लॅप कापला नाही तर कॉर्नियाची ताकद जास्त टिकते. माझा कॉर्निया पातळ होता, एवढंच. वर्षभरानंतर तिन्ही वाटांनी गेलेल्यांची नजर जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो पहिल्या महिन्यात, म्हणजे नेमका तुमच्या रजेत.

पीआरकेचे पहिले सात दिवस

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण मला ते कोणी नीट सांगितलं नव्हतं.

शस्त्रक्रिया झाल्यावर डोळ्यात बिननंबरची एक मऊ लेन्स घालून पाठवतात. ती बँडेज म्हणून असते. उघड्या जखमेवर पापणी घासू नये यासाठी. घरी येताना रिक्षात मला बाहेरच्या पाट्या वाचता आल्या. रडूच आलं. आता काय, झालंच, असं वाटलं.

रात्री भूल उतरली. कांदा चिरून त्याच हातांनी डोळे चोळावेत तसं झोंबायला लागलं. पाणी थांबेना, उजेड सहन होईना. दुसरा दिवस पडदे ओढून, दिवे बंद करून, उशीवर कोरडा टॉवेल घालून काढला. या दोन-तीन दिवसांसाठी डॉक्टर गोळ्या देतात. दुखायला लागायची वाट न पाहता त्या वेळेवर घ्याव्यात. मोबाइल बघायचा प्रश्नच येत नाही. ऐकण्यासारखं काही आधी जमवून ठेवा आणि ड्रॉप्स घालायला घरात कोणीतरी असू द्या.

तिसऱ्या दिवशी दुखणं ओसरलं. आणि चौथ्या दिवशी नजर आणखी बिघडली. पहिल्या दिवशी वाचलेली समोरच्या मेडिकलची पाटी चौथ्या दिवशी वाचता येईना. अक्षरांना सावल्या, एकाची दोन. मी घाबरून गेले. वाटलं, काहीतरी कायमचं चुकलं.

काही चुकलेलं नव्हतं. काढून टाकलेली साय कडांकडून मध्याकडे वाढत येते. सगळ्या बाजूंनी सरकत आलेल्या पेशी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी मध्यभागी एकमेकींना भेटतात आणि जिथे भेटतात तिथे एक बारीक उंचवटा तयार होतो. गोधडीला दोन्हीकडून आणलेल्या शिवणी मध्ये मिळाल्या की तिथे कापड किंचित फुगतं, तसा. हा उंचवटा नेमका नजरेच्या वाटेवर असतो. पुढच्या दिवसांत पेशी सपाट होत जातात आणि नजर उजळते. म्हणजे चौथ्या दिवसाचं धूसर दिसणं ही जखम भरत आल्याची खूण असते. हे मला आधी माहीत असतं तर ती रात्र मी झोपले असते.

बँडेज लेन्स साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी डॉक्टर काढतात. ती स्वतः काढायची नाही. चुकून निघाली तर पुन्हा घालायची नाही, दवाखान्यात फोन करायचा.

"मला तर दुसऱ्याच दिवशी सगळं दिसतंय, मग थांबायचं कशाला?"

लॅसिक आणि स्माइलवाल्यांचा हा प्रश्न, आणि तो रास्त आहे. पण दिसणं आणि बरं होणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. पहिलं फार पुढे पळतं.

कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. त्याला प्राणवायू मिळतो तो थेट हवेतून, अश्रूंमार्फत. हातावरची जखम भरते ती रक्ताच्या जिवावर. ती रसद इथे नाही, त्यामुळे खोलवरची जखम सावकाश भरते. लॅसिकच्या फ्लॅपची कड दिवसभरात वरून मिटते, पण आतून तो मूळच्या ताकदीने कधीच चिकटत नाही. डोळ्याला मार लागून काही वर्षांनंतरही फ्लॅप सरकल्याची उदाहरणं आहेत. रोजच्या जगण्यात घाबरायचं कारण नाही, पण पहिल्या आठवड्यात झोपेत नकळत चोळलेला डोळाही महागात पडू शकतो. म्हणून रात्री प्लॅस्टिकचं कवच लावून झोपायला सांगतात. ते कंटाळवाणं असतं. तरी लावा.

दुसरी गोष्ट कोरडेपणाची. कॉर्नियात संवेदनेच्या नसांचं दाट जाळं असतं. डोळा कोरडा पडला की ही जाळीच मेंदूला कळवते, मग पापणी मिटते आणि अश्रू येतात. शस्त्रक्रियेत यातल्या बऱ्याच नसा कापल्या जातात. लॅसिकमध्ये जास्त, स्माइलमध्ये तुलनेने कमी. त्या पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर कोरडेपणाची खबर देणारी यंत्रणा अर्धवट चालते. पहिले तीन महिने त्रास सगळ्यात जास्त, पुढे बहुतेकांचा कमी होत जातो.

कोरड्या डोळ्याला नेहमी कोरडं वाटतंच असं नाही. दुपारी चारनंतर अक्षरं पुसट होणं, पापणी मिटली की क्षणभर स्वच्छ दिसून पुन्हा धूसर होणं, ही त्याचीच लक्षणं. लोक घाबरतात की नंबर परत आला. बरेचदा तो अश्रूंचा थर फाटलेला असतो.

कामावर कधी? आधी कोणतं काम ते सांगा

"दोन दिवसांत कामावर" हे वाक्य टेबलावर बसून काम करणाऱ्यांना धरून म्हटलेलं असतं.

स्क्रीनवरच्या कामात धोका फारसा नाही, त्रास आहे. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे टक लावून पाहताना ते प्रमाण निम्म्याहून खाली येतं. त्यात एसीची कोरडी हवा. लेसरनंतरच्या पहिल्या महिन्यात हे तिन्ही एकत्र आलं की संध्याकाळी डोळे लाल होणारच. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघायचं, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि कोणी पाळत नाही. या महिन्यात पाळा. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली ठेवली की पापणी अर्धी खाली राहते आणि डोळा कमी उघडा पडतो. एसीचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा. अक्षरं मोठी करा. आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब त्रास होण्याआधी घाला, मोबाइलवर गजर लावून. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो.

शिक्षकांना बोलायला अडचण नाही, पण खडूच्या धुळीपासून आठवडाभर लांब राहायला हवं. स्वयंपाकाचं काम करणाऱ्यांना वाफ, मिरचीची फोडणी आणि कांदा या तिन्हींपासून निदान एक आठवडा सुट्टी हवी. आपल्याकडे घरातल्या बाईला ही सुट्टी कोणी मोजून देत नाही. शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना स्वयंपाक कोण करणार हेही ठरवा. हे मी कळकळीने सांगते. ऑफिसची रजा घेऊन तिसऱ्या दिवशी गॅससमोर उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

शेतातलं काम, बांधकाम, सुतारकाम, वेल्डिंग, कारखान्यातलं मशीन अशा ठिकाणी धूळ, भुसा आणि उडणारे कण आहेत. मातीतून आणि पालापाचोळ्यातून होणारा डोळ्याचा जंतुसंसर्ग, विशेषतः बुरशीचा, फार हट्टी असतो. इथे दोन आठवडे ते महिना, आणि त्यानंतरही बंद बाजूंचा संरक्षक गॉगल. कबड्डी, कुस्ती, बॉक्सिंग यांना डॉक्टर महिन्याहून जास्त थांबायला सांगतात. फ्लॅप असेल तर या खेळांचा विषय शस्त्रक्रियेच्या आधीच काढायला हवा.

गाडी चालवणाऱ्यांनी दिवसाचं आणि रात्रीचं वेगळं धरावं. दिवसा दिसायला लागलं तरी रात्री समोरच्या हेडलाइटभोवती प्रकाशाची कडी आणि किरणं दिसतात. दोन-चार महिन्यांत बहुतेकांची ती कमी होतात, पण पहिल्या आठवड्यांत द्रुतगती मार्गावर रात्री गाडी चालवू नये. दुचाकीवर तर हेल्मेटची काच खाली हवीच, दिवसाही.

पाण्याचंही असंच. आठवडाभर डोक्यावरून आंघोळ नाही, केस मागे झुकवून दुसऱ्याकडून धुऊन घ्यायचे. काजळ-आयलायनर दोन आठवडे नाही. पोहणं महिनाभर नाही. पीआरके झालेल्यांनी उन्हात गॉगल काही महिने सोडू नये, कारण अतिनील किरणांनी कॉर्नियावर धुरकट डाग येण्याची शक्यता वाढते.

दुखायला लागलं तर ते नेहमीचं की वेगळं?

साधा नियम असा की दिवसागणिक त्रास कमी व्हायला हवा. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, एकच डोळा जास्त लाल झाला, घाण यायला लागली, उजेड अचानक सहन होईना किंवा नजर एकाएकी खाली गेली, तर सकाळची वाट पाहू नका. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. लॅसिकनंतर पहिल्या काही दिवसांत फ्लॅपखाली सूजही येऊ शकते. ती दुखेलच असं नाही, फक्त धूसर दिसतं. म्हणून ठरलेल्या तपासण्या "बरं वाटतंय" म्हणून चुकवायच्या नाहीत.

स्टिरॉइडच्या ड्रॉप्सबद्दल विशेष सांगायला हवं. पीआरकेनंतर ते आठवडे ते महिने कमी-कमी करत चालतात. काही लोकांचा डोळ्यातला दाब त्यांनी वाढतो आणि तो वाढतोय हे जाणवत नाही. दाब तपासूनच ते चालू ठेवायचे असतात. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परस्पर बाटली आणणं बंद करा. तसल्या थेंबांनी काचबिंदू ओढवून घेतलेले लोक नेत्रतज्ज्ञांना नेहमी भेटतात.

"एवढं करून चष्मा परत लागला तर?"

याची दोन उत्तरं आहेत. मायनस नंबर थोडा परत येऊ शकतो, विशेषतः मूळ नंबर मोठा असेल तर, किंवा वाढत असतानाच घाई केली असेल तर. म्हणून वय १८च्या पुढे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर, ही अट असते. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर आणि कोरडेपणा दोन्ही बदलतात, तेव्हा थांबायला सांगतात.

दुसरं उत्तर आपल्या भाषेतच आहे. जवळच्या चष्म्याला आपण "चाळिशी" म्हणतो. चाळिशीनंतर डोळ्याच्या आतलं भिंग ताठर होत जातं आणि जवळचं धूसर होतं. लेसर कॉर्नियावर होतं, त्या भिंगाला ते हातही लावत नाही. त्यामुळे पंचविशीत लेसर केलेल्यालाही चाळिशी लागतेच. मागच्या पडद्याचंही तसंच. मोठ्या मायनस नंबराच्या डोळ्यात पडदा ताणलेला असतो, तो लेसरनंतरही ताणलेलाच राहतो. म्हणून वर्षातून एकदा पडद्याची तपासणी सोडू नये.

आणि एक काम आजच करा. शस्त्रक्रियेआधीचे सगळे रिपोर्ट, मूळ नंबर, कॉर्नियाचा नकाशा (यंत्राने काढलेलं त्याच्या आकाराचं चित्र) आणि जाडी, जपून ठेवा. तीस वर्षांनी मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या कृत्रिम भिंगाचा नंबर काढताना बदललेला कॉर्निया हिशेब चुकवतो. हे जुने कागद तेव्हा उपयोगी पडतात. डोळ्यातला दाबही पातळ झालेल्या कॉर्नियावर प्रत्यक्षाहून कमी मोजला जातो. म्हणून पुढे कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरांना लेसर झाल्याचं आधी सांगायचं.

भरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी जाहिरात वाचावी

आपल्याकडे हजारो मुलं-मुली चष्म्यामुळे भरतीत बाद होऊ नये म्हणून लेसर करून घेतात. काही ठिकाणी त्याचा उलटा परिणाम होतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या पदासाठी लॅसिक किंवा नंबर घालवण्याची कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. सैन्यदलांत अनेक ठिकाणी चालतं, पण अटींवर. शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ गेलेला असावा, कॉर्निया पुरेसा जाड उरलेला असावा, वगैरे. प्रत्येक पदाची अट वेगळी असते आणि बदलतेही. कॉर्निया एकदा कोरला की मागे फिरता येत नाही. पैसे भरण्याआधी त्या पदाच्या जाहिरातीतला वैद्यकीय भाग शब्दन् शब्द वाचा.

पैशांचंही सांगते. आरोग्य विमा असला तरी साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा हा खर्च पॉलिसीत साधारणपणे वगळलेला असतो. विम्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका.

तपासणीच्या दिवशी

भाचीला मी चारच प्रश्न लिहून दिले. माझा कॉर्निया किती जाड आहे आणि शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? त्याचा नकाशा नीट आहे का? माझ्यासाठी यातली कोणती पद्धत, आणि तीच का? माझं काम हे असं आहे, तर किती दिवस? आणि तपासणीआधी कॉन्टॅक्ट लेन्स दोन आठवडे बंद, कारण लेन्स कॉर्नियाला दाबून त्याचा आकार तात्पुरता बदलते आणि मोजमाप चुकतं. कडक लेन्स असेल तर तीन-चार आठवडे. ती शुक्रवारपर्यंत लेन्स लावत होती. त्या शुक्रवारचं लेसर तिथेच पुढे गेलं.

नकाशाचा आग्रह कशासाठी, तर काही जणांचा कॉर्निया मुळातच कमकुवत असतो आणि हळूहळू शंकूसारखा पुढे येत असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीला तो फक्त नकाशातच दिसतो. अशा डोळ्यावर लेसर केलं तर तो आणखी वाकतो. डॉक्टर "तुमच्यासाठी नको" म्हणाले तर दुसरा दवाखाना शोधून ते करून घेऊ नका. दुसरं मत जरूर घ्या, पण त्याच नकाशावर घ्या.

भाचीचा नकाशा चांगला निघाला, कॉर्निया मात्र सरासरीपेक्षा पातळ. डॉक्टरांनी ट्रान्स-पीआरके सुचवलं. तिने मॅनेजरला पुन्हा मेल लिहिला. दोन दिवसांऐवजी दहा दिवस रजा, पुढचा आठवडा घरून काम, आणि महिनाभर रात्रीची शिफ्ट नको, कारण स्कूटीवर रात्री परतावं लागतं. मॅनेजर लगेच हो म्हणाला. आधी सांगितलं होतं म्हणून त्याला कामं वाटून देता आली.

शस्त्रक्रिया मंगळवारी झाली. शुक्रवारी सकाळी तिचा फोन. "मावशी, काल बरं दिसत होतं, आज परत धूसर झालंय."

"दुखतंय का? लाल झालाय?"

"नाही."

"आज कितवा दिवस?"

ती मोजायला लागली. मंगळवार, बुधवार, गुरुवार. मग हसली. "चौथा."

दुपारी तपासणी होतीच. साय मध्यात मिळाली होती. डॉक्टरांनी बँडेज लेन्स काढली. अकराव्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला, अक्षरं दीडपट मोठी करून.